वाटेवरचं गोड पाणी

पेपर तपासून होतात, निकाल लागतो, शाळेच्या फाटकाला कुलूप पडतं आणि मग मला अकोल्यात करण्यासारखं काही उरत नाही. माझ्याबरोबरच्या शिक्षिका होळी झाली की सुट्टीच्या गोष्टी सुरू करतात. कुणाला माहेरी जायचं असतं, कुणाला नणंदेच्या लग्नाला, कुणाला नागपूरच्या बहिणीकडे. मी आपले पेपरांचे गठ्ठे जितके लांबवता येतील तितके लांबवते. शेवटी तेही संपतात. घरमालकीण जिन्याखालून ओरडून विचारते, "बाई, औंदा कुठी जाऊन राहिल्या सुट्टीत?" मी म्हणते, "पाहू." गेली कित्येक वर्षं मी हे पाहूच म्हणते आहे.

अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्यानं यावं आणि भोगावं. सकाळचं ऊनच असं असतं की दूध आणायला गेलेलं माणूस डोक्यावर पदर घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं घरी परततं. मग घरोघरी दाराखिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाण्याचे हबके बसतात आणि अख्खं शहर अंधारात पडून राहतं. ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांच्याकडे त्या अंधारात पत्ते रंगतात, पोरं भांडतात, कुणी कैरीला तिखटमीठ लावून मागतं. माझ्या खोलीत ताटीवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा असतो. आणि तो वाळ्याचा ओला वास नाकात शिरला की मला इटली आठवते.

हसू नका. मी इटलीला गेलेली नाही आणि जाणारही नाही. वऱ्हाडातल्या एका मास्तरणीला इटली कुठून आठवणार, असंच तुम्ही म्हणणार. पण एक अख्खा उन्हाळा आम्ही त्या देशात काढला आहे. बाबा, माय, दादा आणि मी. अमरावतीच्या अंबापेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत, ताट्या लावून.

बाबा शाळेत मास्तर होते. त्याआधी, मी पाळण्यात असताना, ते दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले होते. लढाई म्हणजे बंदूक नव्हे. पलटणीच्या कोठारात कारकून म्हणून गेले, तिथं ब्लँकेटं आणि बूट वाटले, आणि परत आले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. शेजारपाजारचे लोक खोदून खोदून विचारत, तेव्हा "थंडी लय होती" एवढं सांगून विषय संपवत. त्या इटलीच्या वर्षी दादा सुट्टीतसुद्धा भूगोलाचा नकाशा घेऊन बसला होता. मॅट्रिकचं वर्ष उंबरठ्यावर आलेलं. त्यानं सहज विचारलं, "बाबा, तुमी नेमके होते कुठी?" बाबांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. त्यांनी खडू उचलला आणि सारवलेल्या जमिनीवर, कोपऱ्यात, एक वाकडीतिकडी रेघ मारली. रेघेच्या एका अंगाला डोंगर काढले. दुसऱ्या अंगाला काहीच काढलं नाही. तो समुद्र.

"हे पाहा, पाच गावं हायेत," ते म्हणाले. "डोंगराच्या पोटाले चिकटलेली. मोटार नाई जात. एका गावातून दुसऱ्या गावाले पायवाट, खाली समुद्र. सकाळी चहा घेऊन निघालं की जेवणाच्या येळेले दुसऱ्या गावात." मग खडू हातात तसाच धरून म्हणाले, "एकदा आपण सारे जाऊ. चार-पाच दिवसांचं तं काम हाय."

बाबांनी मायला कधी नावानं हाक मारली नाही. त्या पिढीत कुणाच्याच घरी ती पद्धत नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून "ऐकलं का?" म्हणायचे, आतून माय "ऐकून राहिली" म्हणायची, आणि मग पुढचं बोलणं व्हायचं. त्या दिवशीही बाबा म्हणाले, "ऐकलं का?"

"ऐकून राहिली."

"आपल्याले इटलीले जाचं हाय."

"पोळ्या होऊ द्या, मंग जाऊ," माय आतून म्हणाली. आम्ही पोट धरधरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी मी. आठवडा गेला नसेल, तर दुपारची जेवणं उरकली की सगळे त्या कोपऱ्यात जमायला लागलो. गावांची खरी नावं बाबांनी सांगितली होती, पण ती आमच्या तोंडात बसेनात. मग मायनंच बारसं केलं. निंबूचं गाव, घंटेचं गाव, पायऱ्यायचं गाव, जाळ्यायचं गाव. शेवटच्याबद्दल बाबा काही सांगत नव्हते, म्हणून ते नुसतं शेवटचं गाव. दादानं सामान ठरवायला घेतलं. मी कोणत्या दिवशी कुठं मुक्काम ते ठरवत होते आणि निंबूच्या गावात जास्त दिवस मागत होते. माय आधी दारातूनच टोमणे मारायची. मग गहू निवडायचं सूप घेऊन बाहेर आली. मग सूप बाजूला राहिलं.

आमची तयारी पाहून इटलीतल्या माणसांनी तोंडात बोटं घातली असती. उन्हाची लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा. मला खिसा नव्हता, तर मायनं माझ्या झग्याला शिवून दिला. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा, दुपारी झोपायचं. बाबा सांगून थकले की तिकडचं ऊन असं नसते, अवो, तिकडं ऊन पडलं की लोक खुश होतात. माय ऐकून घ्यायची आणि कांदे मोजायला लागायची. ऊन पडल्यावर खुश होणारी माणसं जगात असतात यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वाटेत खायला सातूचं पीठ आणि तिळाची चटणी. दशम्या किती दिवस टिकतात ते पाहायला तिनं एक चळत करून फडताळात ठेवली होती. दादानं गुपचूप खाऊन टाकल्या म्हणून तो प्रयोग अर्धवट राहिला.

आणि बूट. बाबांनी मायसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू आणि पायात पोरांचे बूट. डोंगराची सवय पाहिजे म्हणून आम्ही पहाटे मालटेकडीवर जायला लागलो. आमच्या पेठेतल्या बाया सडा टाकता टाकता थांबायच्या. एकीनं विचारलंच, "मास्तरीणबाई, सकाळी सकाळी कुठी?"

"इटलीले," माय म्हणाली. थांबलीसुद्धा नाही.

मालटेकडी ती केवढी! आम्ही पोरं धावत वर जायचो. माय सावकाश यायची, पण वर आल्यावर लगेच बसायची नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि बडनेऱ्याच्या बाजूला पाहत राहायची. एका पहाटे बाबा आणि दादा पुढे उतरून गेले होते. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, मी बांधून देत होते. ती एकदम म्हणाली, "कुसमे, जाऊ का वं आपण खरंच?"

मी नाडीची गाठ मारली. म्हटलं, "बाबा म्हणतात तं जाऊ."

"लगन झालं तं बैलगाडीत बसून आली मी. बाळंतपनाले गेली तं बैलगाडीत. चालली तितकी पान्यासाठी चालली. उगीच, पाह्यासाठी म्हणून आपल्या पायानं कोठीच गेली नाई." मग टेकडी उतरायला लागली. खाली आल्यावर म्हणाली, "मले जाचं हाय. बाबाले सांगू नको."

तिला खरंच जायचं होतं. आमच्यासाठी ती दुपार ढकलायची गंमत होती. तिच्यासाठी नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला उगाच भीती वाटायला लागली.

मायचं माहेर खारपाणातलं. दर्यापूरकडच्या त्या पट्ट्यात जमीन अशी काळीभोर की पाहत राहावं, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचं आणि एका वेगळ्या माठात भरून ठेवायचं. तो पाहुण्यांचा माठ. घरातल्यांनी, त्यातूनही पोरींनी, त्याला हात लावायचा नाही. पोरीला स्थळ आलं की तिकडचे लोक आधी विचारतात, पाणी कसं आहे? आमच्या आजोबांनी बाबांचं शिक्षण पाहिलं नाही की शेत पाहिलं नाही. अमरावतीचं पाणी प्यायले आणि पोरगी देऊन टाकली. लग्नानंतर कितीतरी दिवस माय सासरी घागरीतलं पाणी प्यायच्या आधी कुणी पाहतं आहे का ते बघायची, असं आत्या हसत हसत सांगायच्या. मला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

तर त्या कोपऱ्यातल्या वाटेवर मायनं पहिल्यापासून एकच प्रश्न लावून धरला होता. "मधात पानी कुठी हाय?"

"अवो, समुद्र हाय ना बाजूले!" बाबा हसून म्हणाले.

"समुद्र म्हंजे खारपानाची मोठी इहीरच की. प्याचं पानी सांगा."

"असन कुठी झरा."

"असन म्हंजे? चाललेला माणूस असं बोलते का?"

बाबा विषय बदलायचे. कधी गावातल्या घंटेचं सांगायचे, कधी जाळी वाळत घालणाऱ्या कोळ्यांचं. माय ऐकायची, हुंकार द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत पाण्यावर यायची. खडूची रेघ पायांनी पुसली जाते म्हणून तिनं त्यावर रांगोळीची रेघ ओढली होती. दर शुक्रवारी घर सारवणारी बाई ती, पण तो कोपरा सोडून सारवायची. त्या रेघेवर बोट ठेवून ती म्हणायची, "निंबूच्या गावातून निघालो. इथवर आलो. पोराले तान लागली. आता?"

एका दुपारी तिनं सरळच विचारलं. हात गव्हात होते, नजर वर केली नव्हती. "तुमी या वाटीनं गेले तवा पानी कुठी पेले?"

ताटीवरून पाणी ठिबकत होतं. दादा माझ्याकडे पाहायला लागला.

"मी नाई गेलो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात आधी कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना तिकडे कावीळ झाली होती. पलटण पुढे निघून गेली आणि त्यांना समुद्रकाठच्या टेकडीवरच्या दवाखान्यात टाकलं. बाजूच्या खाटांवर त्यांची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. खिडकीतून ती पायवाट दिसायची. एका सकाळी एक माणूस, त्याची बायको आणि दोन पोरं त्या वाटेनं गेली. धाकटं पोर बापाच्या खांद्यावर होतं, बाईच्या हातात टोपली. एका गावातून निघाली ती वळणाआड जाईपर्यंत बाबा पाहत राहिले. "मले वाटलं, आपल्याले दोन पोट्टे हायेत," बाबा म्हणाले. "एक तं आपण नीट पाह्यलंबी नाई. इथून जिता गेलो तं साऱ्यायले घेऊन येईन आन् त्या वाटीनं चालीन. मंग पलटणीची मोटार आली, घेऊन गेली. शेवटचं गाव खिडकीतून दिसतच नव्हतं."

मला राग आला. आता हसू येतं, पण तेव्हा फार राग आला. महिनाभर आम्ही ज्या वाटेनं चाललो होतो, तिच्यावर या माणसानं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं! दादा उठून ताटीवर पाणी मारायला गेला. मला वाटलं, संपली इटली.

माय गहू निवडत होती. एक खडा काढला, बाजूला टाकला. "म्हंजे तुमीबी नाई पाह्यली ती वाट?"

"नाई."

"मंग तं जाच लागन," माय म्हणाली. "दोघायलेबी नवीनच हाय." आणि सूप खाली ठेवून तिनं रांगोळीचा डबा मागितला. शेवटच्या गावाभोवती तिनं एक वेल काढली. कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांत सुंदर झालं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस होते. बाबा बोलायला लागले. थंडीबद्दल, दवाखान्याबद्दल, खाटेवर पडून मायचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत आणि आठवायचा नाही, त्याबद्दलसुद्धा. माय म्हणायची, "आता पाहून घ्या." लग्नाला इतकी वर्षं झालेली ती दोन माणसं त्या उन्हाळ्यात एकमेकांशी नव्यानं बोलत होती, आणि आम्ही पोरं आपापल्या मुक्कामांवरून भांडत होतो. पाण्याचा प्रश्न तेवढा तसाच राहिला. माय म्हणाली, "पानी कुठी हाय ते समजू द्या, मी दुसऱ्या दिवशी निघतो." वऱ्हाडातल्या बाया अशाच, 'मी निघतो', 'मी जातो' म्हणतात.

शाळा उघडल्या. दादा अभ्यासाला लागला. बूट खुंटीला गेले. रांगोळी मात्र होती. पावसात त्या कोपऱ्यात छत गळलं आणि घंटेचं गाव वाहून गेलं, तर मायनं ते पुन्हा काढलं. दिवाळीला तिथंही एक पणती लागली. आणि त्या हिवाळ्यात माय गेली. ताप आला, डोक्यात गेला, आणि डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. मी आजही हे याहून जास्त सांगू शकत नाही.

सुतक फिटलं की घर सारवायचं असतं. नात्यातल्या बाया आल्या होत्या, त्यांनी पदर खोचले आणि दोन्ही खोल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत सारवून काढल्या. त्यांना काय माहीत? त्यांच्या दृष्टीनं कोपऱ्यात जुनी रांगोळी राहिली होती. मी क्रियाकर्म उरकून नदीवरून आलेल्या बाबांना दारात उभं राहिलेलं पाहिलं. जमीन ओली होती, म्हणून ते आत येत नव्हते, असं सगळ्यांना वाटलं. ते त्या कोपऱ्याकडे पाहत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात इटलीचं नाव निघालं नाही.

दादा शिकला आणि भिलाईला नोकरीला गेला. मी शिकले आणि अकोल्याला आले. लग्न राहून गेलं. का, ते विचारू नका, मला नीट सांगता येत नाही. बाबा त्याच दोन खोल्यांत राहिले. मी म्हणते, माझ्याकडे चला. ते म्हणतात, अकोल्याचं पानी मले मानवत नाई. महिन्यातून एखाद्या रविवारी मी एस.टी.नं जाते, भाजी निवडते, स्वयंपाक करते, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावते. आम्ही जेवतो. ते पेपर वाचतात. संध्याकाळच्या गाडीनं मी परत येते. दोन एकटी माणसं एका खोलीत बसली म्हणून काही सोबत होत नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल कोकणात गेली आणि मुलींना सांभाळायला मला पाठवलं. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मुली किंचाळत पाण्यात धावल्या, तोंडात घेऊन थुंकल्या, हसल्या. मी वाळूत उभी राहिले आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. एवढं थोरलं पाणी आणि शेजारी कुणी नाही. मग एक पोर तहानेनं रडायला लागली, म्हणून मी तिला घेऊन माडाखालच्या एका घराशी गेले. अंगणात विहीर होती. तिथून समुद्र इतका जवळ की लाट फुटली की तोंडावर शिंतोडे येत होते. घरातली म्हातारी पाणी शेंदत होती. तिनं तांब्या पुढे केला. मी त्या मुलीला म्हटलं, थांब, आधी मी पाहते. मला खात्री होती की ते खारट असणार.

गोड होतं. नारळाच्या पाण्यासारखं गोड. मी दुसरा तांब्या मागितला आणि तो पिता पिता मला रडू कोसळलं. म्हातारी घाबरली. "काय झालं बाय? पाणी बाधलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. मी तिला काय सांगणार होते? की माझी माय एक अख्खा उन्हाळा हेच विचारत होती?

हे बाबांना सांगायचं होतं. त्यानंतर अमरावतीला गेले, एकदा नव्हे, तीन-चारदा. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि मी विचारायची, भाजीत मीठ बरोबर आहे का?

यंदा शाळेला कुलूप पडलं त्याच दिवशी मी निघाले. अमरावतीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. बाबांनी ताट्या लावल्या होत्या, आत अंधार होता, तोच वास होता. ते खाटेवर पडले होते. मी कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसले आणि खाली पाहतच म्हणाले, "बाबा, कोकनात समुद्राच्या अगदी काठाले एक इहीर पाह्यली मी. लाटेचं पानी उडते तिथवर."

मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग खाट करकरली. ते उठून बसले होते.

"पेली तू?"

"पेली. दोन तांबे."

"खारं?"

"नाई बाबा. गोड."

"गोड?"

"गोड."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. जमिनीकडे पाहिलं, जिथं आता काहीच नाही तिथं. मग त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाले,

"ऐकलं का?"

आणि आम्ही दोघंही आतून उत्तर यायची वाट पाहत बसलो.